लाकडी प्रोपेलरचे सहा बोल्ट

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बासष्ट, निवृत्त लेथ-शिक्षिका, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे, कोणाचाही दबाव नाही, आणि दबाव टाकायला घरात आता कोणी उरलेलेही नाही. गुडघे गेले आहेत, पण मृत्युपत्र गुडघ्यांनी लिहीत नाहीत.

१. राहते घर आणि बँकेतली ठेव माझ्या एकुलत्या एका मुलीला. स्वयंपाकघरातला नळ उलटा फिरतो. तो बदलू नये, ह्यांनी बसवला आहे.

२. व्हर्निअर, मायक्रोमीटर आणि बोल्ट ठरावीक जोराने आवळायचा टॉर्क पाना, ही हत्यारे घरी विमाने बांधणाऱ्या आमच्या मंडळाला. अट अशी की प्रत्येक नव्या सभासदाला पुढचे वाचून दाखवावे. प्रोपेलरला हार्डवेअरच्या दुकानातला बोल्ट लावू नये. बोल्टचा गुळगुळीत भाग लाकडाच्या पूर्ण जाडीतून पार जावा, आटे लाकडात राहू नयेत. बोल्ट फार लांब असला तर तळाला टेकतो. पाना "कट्" वाजतो, आपण खूश होतो आणि लाकूड सैलच राहते. नायलॉनचा नट एकदा काढला की फेकून द्यावा. ज्या दुकानदाराने "अहो वहिनी, बोल्ट म्हणजे बोल्ट" असे मला ऐकवले होते, त्याने माझ्या शोकसभेत भाषण करू नये. त्याला भाषणाची हौस आहे.

३. मागची शेड, लेथ आणि अर्धवट राहिलेले दुसरे विमान माझ्या धाकट्या दिरांना. यावर मुलगी चिडेल. तिच्या बाबांचा जीव काकाने आणलेल्या बोल्टांनी घेतला, असे ती नऊ वर्षांची असल्यापासून ऐकत आली आहे. नातलगांचेही तेच मत. एकोणीस वर्षांत भाऊजींनी या घराचा उंबरठा ओलांडलेला नाही. मुलीने चिडावे, पण पुढचे कलम संपेपर्यंत उठून जाऊ नये.

४. बोल्ट भाऊजींनीच आणले, हे खरे. कागदपत्रांसह आणले, योग्य लांबीचे, डोक्याला भोक पाडलेले. माणूस मुळातच संशयी. एकेक बोल्ट भिंगाखाली धरून पाहिला. त्या भोकांतून तार ओवून बोल्ट एकमेकांना बांधतात, म्हणजे कोणताच उलटा फिरत नाही. ते काम माझे. माझा हात साफ होता. मंडळातली माणसे माझी तार बघायला यायची आणि मला हरभऱ्याच्या झाडावर चढवायची. मीही चढायचे.

पण लाकूड कोरड्या हवेत आकसते. बोल्ट जागचा हलत नाही, आतले लाकूडच बारीक होते आणि पकड जाते. तिथे तार काही करू शकत नाही. म्हणून हवा बदलली की तार कापायची, बोल्ट पुन्हा आवळायचे, नवी तार बांधायची. हे मला ठाऊक होते. मंडळात मीच सांगत असे.

त्या सकाळी उड्डाणाआधी हे म्हणाले, "अगं, हवा कोरडी झालीय. तार कापून एकदा बोल्ट बघू या का?"

मी म्हणाले, "तुटलीय का कुठे? दुपारभर खपून बांधलीय मी. हात लावून तर बघा!"

हे हसले. "बरं बाई, राहिलं."

विमान उडाल्यावर वीस मिनिटांनी सैल प्रोपेलर हवेतच हादरून चिरला आणि निखळला. चौकशीचा अहवाल माझ्या नावाने घरी आला. बोल्ट निर्दोष, तार अखंड, लाकूड आकसलेले. मी तो वाचला आणि कपाटात कपड्यांखाली ठेवला. बाहेर "बोल्टच हलके होते म्हणे" अशी कुजबुज चालली होती, आणि मी मूग गिळून बसले. आजतागायत बसले आहे.

बाळा, तुझे बाबा माझ्या तोऱ्यापायी गेले. काकाचा काही दोष नाही. मला ह्यांची आठवण आली नाही असा एक दिवस गेलेला नाही, आणि प्रत्येक दिवशी मी खोटी होते. अहवाल सोबत जोडला आहे.

पुरवणी. वरचे सगळे मी मेल्यावरच वाचले जावे यात पळपुटेपणा आहे असे वाटून काल भाऊजींना बोलावले. त्यांनी चौथे कलम उभ्यानेच वाचले.

"वहिनी, मला माहीत होतं," ते म्हणाले. "तुकडे गोळा करायला मीच गेलो होतो ना. तार जशीच्या तशी होती."

"मग बोलला का नाहीत?"

"दादा गेलेला. तुम्ही पण कोसळला असता, तर पोरीला कोण होतं? आणि इथे येत राहिलो असतो, तर कधीतरी तोंडून निघालंच असतं."

त्यांनी माझ्या हातातले पेन घेतले आणि चौथे कलम खोडायला निघाले. "काका नसला तरी पोरीचं चालतं, वहिनी. आई लागते." मी त्यांचा हात धरला. चौथे कलम जसेच्या तसे राहील.

मग त्यांनी तिसरे खोडले. ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलबाईंनी सांगून ठेवले आहे. "मला शेड नको," ते म्हणाले, "मला सही करू द्या."

म्हणून शेडही मुलीला. किल्ली कोणाच्या हाती द्यायची, हे तिचे तिने ठरवावे.

स्थळ: राहत्या घराची मागची खोली
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२३
लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार:
१. शेजारच्या नर्सबाई (सही)
२. धाकटे दीर (सही). येथे शाई पसरली आहे, ती खाडाखोड समजू नये.