पत्त्यांच्या खात्यातील शिलकीची व्यवस्था

मी, दीनानाथ सखाराम साळवी, वय एकोणपन्नास, मूळ राहणार तालुका गुहागर, हल्ली मुक्काम कॉव्हेंट्री, देवाच्या कृपेने बुद्धी ठिकाणावर असताना आणि कोणी सांगितले म्हणून नव्हे तर स्वतःला पटले म्हणून ही व्यवस्था लिहून ठेवत आहे. येत्या मंगळवारी माझे बायपासचे ऑपरेशन आहे. सर्जन तरुण आहे, पण बोलताना गडबड करत नाही, त्यामुळे मला त्याचा भरवसा वाटतो. गणपतीला मी घरी असेन. तरीही माणसाने घर आवरून बाहेर पडावे. याआधीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. तसे एकही नाही, पण हे वाक्य हवेच असे वकीलबाई म्हणाल्या. मराठीत लिहिलेले चालते, मागाहून भाषांतर करून घ्यावे लागेल, असेही त्यांनीच सांगितले.

१. या कागदाची अंमलबजावणी माझी पत्नी अरुणा हिने करावी. तिलाच साक्षीदार करायचे माझ्या मनात होते, कारण गावाकडे घरचीच माणसे सही करत. पण ज्याला काही मिळायचे आहे त्याने साक्ष दिली तर त्याचे मिळणे जाते, असा इथला कायदा आहे. म्हणून साक्षीला शेजारी बोलावले आहेत आणि त्यांना चहापलीकडे काही द्यायचे नाही.

२. राहते घर व बँकेतील बचत अरुणाला. देवघरातील गणपतीही तिचाच. त्याच्यापुढे रोज दिवा लावावा. मोठी पूजा जमली नाही तर चालेल.

३. गावच्या घरातील माझा हिस्सा धाकटी बहीण सुमन हिला. आईचे शेवटपर्यंत तिने केले. मी इथून फोन करत राहिलो.

४. कारखान्याच्या टूलरूममधील माझी स्वतःची हत्यारे, मायक्रोमीटर धरून, मुलगा प्रणव याला. ती वापरलीच पाहिजेत असे नाही. गंजू देऊ नयेत.

५. वॉटफर्डला राहणारा मेहुणा नंदू याने माझ्या वाढदिवसाला दिलेली पोकरच्या चकत्यांची पेटी, अजून न उघडलेली, त्याची त्याला परत. नंदूवर माझा राग नाही, पण एक तक्रार आहे आणि ती इथे नोंदवतो. गोकुळाष्टमीच्या जागरणाला आपल्याकडे तीन पत्ती खेळतात. त्यात पाने न बघता पैसे लावायचे आणि डोळे वटारून समोरच्याला पळवायचे. नंदू कॉम्प्युटरवर पोकर खेळतानाही तेच करतो. तिथे डोळे दिसत नाहीत. शिवाय पाच-दहा पेन्सच्या टेबलावर बसलेली मंडळी गंमत म्हणून आलेली असतात. हातात काहीही असो, ती पैसे टाकतात आणि शेवटचे पान बघूनच उठतात. जो पळतच नाही त्याला पळवणार कसे? हे मी नंदूला किती वेळा सांगितले! त्यावर तो म्हणतो, "भाऊजी, तुम्ही पत्ते खेळता की जप करता?" मी जपच करतो असे समजावे.

६. आता मुख्य गोष्ट. पोकरच्या साइटवरील माझ्या खात्यात चार वर्षांची शिल्लक आहे. रविवारी जेवण झाल्यावर दोन तास मी खेळतो, संकष्टीला खेळत नाही. रीत साधी आहे. प्रत्येकाला दोन झाकली पाने मिळतात आणि मध्ये सगळ्यांची मिळून पाच उघडतात. पाने हलकी असतील तर टाकून द्यायची. एक्क्यांची किंवा राजांची जोडी आली तर लपवाछपवी न करता पहिल्यापासून जास्त पैसे लावायचे, याला रेझ म्हणतात. हलक्या पानांवर येणाऱ्यांना येऊ द्यावे, पण पुरेशी किंमत मोजून. ब्लफ करू नये. यात हुशारी फार नाही, बसून राहता आले पाहिजे. देवापुढे बसायची सवय मला इथे उपयोगी पडली, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

माझी शिल्लक बघून प्रणवने युनिव्हर्सिटी सोडून हेच करायचे मनात घेतले. "बाबा, डिग्रीमध्ये टाइम वेस्ट होतो. तुम्ही आठवड्यात दोन तास खेळता. मी फुल टाइम खेळला तर?" असा त्याचा हिशेब. अरुणाने त्या दिवसापासून माझ्या कॉम्प्युटरवर चादर टाकायला सुरुवात केली.

मागच्या रविवारी मी चादर काढली आणि प्रणवला माझ्या खुर्चीत बसवले. नंदूही आला होता. थोड्याच वेळात प्रणवला एक्क्यांची जोडी आली.

मी म्हणालो, "रेझ कर."

"नो बाबा, थांबा ना. ट्रॅप करायचंय त्यांना."

"शाब्बास भाच्या!" सोफ्यावरून नंदू. "दबा धरून बस."

दबा धरला. चार जण स्वस्तात आत आले. मध्ये नव्वी उघडली, सत्ती उघडली, आणि नव्वी-सत्ती धरून आलेल्या एकाने दोन जोड्यांवर सगळे नेले. एका जोडीपेक्षा दोन जोड्या भारी, मग ती एक्क्यांची का असेना.

"नव्वी-सत्तीवर कोण येतं? इडियट आहे तो!"

"तूच बोलावलंस त्याला," स्वयंपाकघरातून अरुणा म्हणाली. तिला पत्त्यातले कळत नाही असे आम्ही समजत होतो.

तासाभराने त्याला राजांची जोडी आली. या वेळी त्याने उघडपणे पैसे लावले, पुन्हा लावले. पण दुपारभर नुसता मागे मागे येणारा एक गप्प माणूस शेवटच्या पानावर एकदम तिप्पट लावून बसला.

"लाव रे!" नंदू उभाच राहिला. "राजे आहेत हातात, घाबरतोस काय?"

प्रणवने माउसवरचा हात काढला. मग म्हणाला, "मामा, हा माणूस कधीच रेझ नाही करत." आणि त्याने राजे टाकले. समोरच्याकडे काय होते ते कळले नाही. मला ते कळायची गरजही वाटली नाही.

सबब, सदर खाते दुसऱ्याच्या नावे होत नसल्याने ते बंद करून त्यातील संपूर्ण शिल्लक प्रणवला विनाअट द्यावी. 'डिग्री पूर्ण केल्यास' असे शब्द घालावेत असा अरुणाचा आग्रह आहे. "अहो, वीस वर्षांचं पोर आहे ते. उद्या कॉलेज सोडलं तर कोणाला विचारू? तुमच्या फोटोला?" असे ती म्हणाली. तिची हरकत तिच्या सांगण्यावरून नोंदवली आहे. मी अट घालत नाही. माझ्या माघारी माझा हात त्याच्या खांद्यावर असावा, मनगटावर नसावा.

७. सही करण्यापूर्वी जोडलेले कलम. आज सकाळी मी प्रणवला कलम सहा वाचून दाखवले. त्याला मराठी वाचता येत नाही, ऐकलेले कळते. पूर्ण ऐकून तो म्हणाला, "बाबा, ऑनेस्टली, मला नको. आत्ता नको. हातात आले तर मी सप्टेंबरमध्ये परत जाणार नाही, मला माहितीये. आईला द्या. मी मागितले तरी देऊ नको म्हणून सांगा तिला."

"आणि फार मागितलेस तर?" अरुणाने विचारले.

"तर अजूनच नको देऊ."

ती उठून देवघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

म्हणून सदर शिल्लक अरुणाला द्यावी. प्रणवला कधी आणि किती द्यायची हे तिने ठरवावे. या बाबतीत कलम सहा रद्द समजावे. कागद नव्याने लिहून काढता आला असता. पण बापाने सगळे त्याच्या नावे लिहिले होते आणि ते त्याने स्वतः नाकारले, हे पुढे कधीतरी त्याला दुसऱ्या कोणाकडून वाचून घेता यावे, म्हणून ते कलम मी तसेच ठेवले आहे.

वरील मजकूर माझ्या हस्ताक्षरात असून, दोन्ही साक्षीदार समोर बसले असताना मी सही केली, आणि माझ्यादेखत त्यांनी केली.

दीनानाथ सखाराम साळवी

साक्षीदार:
राजीव मनोहर तेंडोलकर, शेजारी
सुहासिनी राजीव तेंडोलकर, शेजारी

कॉव्हेंट्री, शनिवार, १८ ऑगस्ट २००७