हरकत क्रमांक त्रेचाळीस

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांनी संप पुकारल्यामुळे आठांपैकी सहाच अंगं जमिनीला टेकली आहेत, उरलेली दोन समजून घे.) तुझी पाठ कशी आहे? दाजींचा खोकला गेला का, की अजून पाहुणे आले की नेमका येतो? भाच्याचा दाढीतला फोटो मिळाला. तुझी वहिनी म्हणते, शोभते. मी काही म्हणत नाही. इकडे सगळे ठीक. बाबाही ठीक आहेत, म्हणजे सकाळी दुकान उघडल्यापासून बाहेरच्या बाकावर बसून असतात आणि विचारलं तर उन्हाला बसलोय म्हणतात. गेला आठवडाभर आभाळ भरलेलं होतं, तरी ते उन्हालाच बसले होते. तीन वर्षांपूर्वी तू भर गिऱ्हाइकांत 'बाबा, आता हे दुकान बंद करा' म्हणालीस आणि ते 'मग तू येऊ नकोस' म्हणाले, त्यात मी पडायचं नाही असं तेव्हाच ठरवलंय आणि या पत्रातही पडणार नाही.

तर बातमी अशी की आपल्या गल्लीच्या तोंडाशी, जुन्या वखारीच्या जागेवर, सुपरमार्केट येतंय. नगरपालिकेने नकाशा फलकावर लावला आणि लोकांकडून हरकती मागवल्या, त्याही लेखी, नाव, पत्ता, सहीसकट. खरं सांगू का, सुपरमार्केटला माझी फारशी हरकत नव्हती. (तुझ्या वहिनीला तर आपोआप उघडणाऱ्या दाराची आतापासूनच ओढ लागली आहे. आमचं दार गेली वीस वर्षं खांद्याने उघडावं लागतं, हे ती मला दिवसातून दोनदा सांगते.) काही गिऱ्हाइकं जातील, काही रुसून परत येतील, आमचं दोघांचं भागेल. पण मालाच्या लॉऱ्या वळवायला जागा हवी म्हणून नकाशात एक तुटक रेघ मारली होती, आणि ती बरोबर आपल्या बाकावरून गेली होती. बाबांनी चष्मा पुसला, त्या रेघेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "बाक हलणार नाही." आणि काठी टेकत घराकडे वळले.

मी कंबर कसली. (कसण्याइतकी ती उरली नाही, हे दाजींना म्हणू दे, तू म्हणू नकोस.) चार दिवस गल्लीत दारोदार फिरलो आणि चाळीसेक हरकती जमवल्या. आता इथे आपल्या घराण्याची शिस्त आडवी आली. कागदाची कोरी बाजू वाया जाऊ द्यायची नाही, हा बाबांचा नियम तुला आठवत असेल. तेव्हा हरकती लिहायला मी लोकांना काय दिलं? जुन्या कॅलेंडरची फाडलेली पानं. आणि सामानाच्या याद्या लिहायला लोकांना आपण वर्षानुवर्षं काय देतो? तीच पानं. शिवाय नाव, पत्ता, सही नसेल तर यादी घ्यायची नाही, हा बाबांचा दुसरा नियम. हरकती एका तारेला टोचल्या, दुसऱ्या दिवशीच्या याद्या शेजारच्या तारेला. शेवटच्या तारखेला पाचला दहा मिनिटं असताना मी एक तार उपसली, सायकल हाणली आणि गठ्ठा नगरपालिकेच्या टेबलावर आपटला. कारकुनाने फक्त खालची सही बघितली आणि धडाधड शिक्के मारले. मी त्याच्याकडे चहाही प्यायलो. तो चहा मला अजून आठवतो, कारण त्यानंतर पंधरा दिवस मला कशाचीच चव लागली नाही.

परत येऊन बघतो तर तुझी वहिनी तागडीसमोर उरलेली तार घेऊन उभी आणि 'जड वाहनांमुळे होणारा त्रास' नेमका किती द्यायचा, या विचारात पडलेली. म्हणजे मी टेबलावर आपटल्या त्या याद्या! सकाळी धावत नगरपालिकेत गेलो. कारकून म्हणाला, शिक्का पडलेला कागद परत मिळत नाही, आणि मुदत संपल्यावर नवी हरकत घेत नाहीत. याद्यांवर पाणी सांडलं अशी थाप मारून मी सगळ्यांकडून पुन्हा याद्या लिहून घेतल्या. बाबांना काही सांगितलं नाही. सांगायला तोंड कुठे होतं? ते बाकावर बसले होते आणि मला बघून विचारत होते, "दिलेस ना कागद?" मी म्हणायचो, "दिले." खोटं एका अक्षराचं नव्हतं.

सुनावणीला सभागृह तुडुंब भरलं. वर नगराध्यक्षा, त्यांच्या बाजूला नगररचना अधिकारी, समोर सुपरमार्केटचा माणूस. (उकाड्यातही टाय. त्याला आपण टायवालाच म्हणू.) बाबा पहिल्या रांगेत काठीवर हनुवटी टेकून. नियम असा की प्रत्येक हरकत शब्दशः वाचायची आणि टायवाल्याने तिला उत्तर द्यायचं. अधिकाऱ्यांनी घसा साफ केला आणि वाचलं, 'हरकत क्रमांक एक. पिवळा साबण एक. मागच्या वेळचा नको, अंगाला खाज येते.' टायवाला उठला, त्याने फाइल चाळली आणि गंभीरपणे सांगितलं की कंपनीकडे नऊ प्रकारचे साबण असतील. माणूस हाडाचा सज्जन होता, हे मला मान्य केलं पाहिजे.

अधिकारी थांबायला तयार नव्हते. शिक्का मारलेला कागद, नियम म्हणजे नियम. हरकत क्रमांक चार होती नर्सबाईंची: 'मेणबत्त्या सहा. आमची किल्ली तुमच्याकडे आहे, पोरगी शाळेतून आली की द्या. आणि तिला बसवून ठेवा, मला उशीर होईल.' टायवाल्याने फाइल दोनदा उलटसुलट केली आणि कबूल केलं की किल्ल्या ठेवण्याची सोय आराखड्यात नाही. शिंप्याची होती: 'काळा दोरा दोन रिळं. म्हाताऱ्यांना सांगा, काल बुद्धिबळात मी हरलो नाही, उजेड कमी होता.' (बाबा तिथूनच "हरलास" म्हणाले.) मग अकरा आणि बारा एकापाठोपाठ. अकरा पोस्टमास्तरांच्या बायकोची: 'ह्यांना बिस्किटं देऊ नका, डॉक्टरांनी बंद केली आहेत, कितीही गोड बोलले तरी.' बारा खुद्द पोस्टमास्तरांची: 'बिस्किटं दोन पुडे, पिशवीत पिठाच्या खाली.' दोघं शेजारीशेजारी बसली होती. नगराध्यक्षांनी पदर तोंडाला लावला आणि पाच मिनिटांची विश्रांती जाहीर केली. पोस्टमास्तरांची विश्रांती अजून चालू आहे, ते हल्ली आमच्याकडेच जेवतात.

मी खुर्चीत जेवढं बुडता येईल तेवढं बुडालो होतो. पण ताई, हळूहळू लोक हसायचे थांबले. एकेक यादी वाचली जात होती, त्यात सामान कमी आणि निरोप जास्त, आणि टायवाला दरवेळी उठून 'याची सोय नाही' म्हणत होता, आणि दरवेळी त्याचा आवाज आणखी उतरत होता. चाळिसाव्या यादीपर्यंत मी वर आलो होतो. छाती जरा फुगलीही होती, लपवत नाही.

शेवटचा, त्रेचाळिसावा कागद अधिकाऱ्यांनी उचलला, मनात वाचला आणि नगराध्यक्षांकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, वाचा. अक्षर मी लांबूनच ओळखलं. बाबांनी स्वतःच्या नियमाप्रमाणे नाव, पत्ता, सही करून माझ्यासाठी तारेला टोचलेली चिठ्ठी होती ती, याद्यांबरोबर मी वाचेन म्हणून. मी न वाचताच शहराला वाचायला दिली. 'मोठीला पत्र लिही. येऊन जा म्हणावं. मी सांगितलं म्हणून सांगू नको. बाक हलवू देऊ नको, तिथून बसथांबा दिसतो.'

टायवाला उठला आणि तसाच खाली बसला. बाबा खिडकीकडे बघत होते. मग काठी आपटून म्हणाले, "झालं असेल तर पुढचं वाचा." पुढचं काही नव्हतं.

सुपरमार्केट मंजूर झालं. लॉऱ्या मागच्या रस्त्याने येतील, नकाशातली रेघ खोडली. टायवाल्याने आपणहून मान्य केलं. बाबा घरी येताना माझा हात धरून चालले, आणि फाटकाशी आल्यावरही सोडला नाही. उन्हाला बसतो म्हणे. तीन वर्षं हा माणूस बस बघत बसला होता, ताई, आणि मी रोज त्याच्यासमोरून दुकान उघडत होतो. मला माझी लाज वाटली.

दाजींना नमस्कार, भाच्याला आशीर्वाद, दाढीला शुभेच्छा.

तुझं
शेंडेफळ

ता. क. बाबांनी सांगितलं म्हणून मी हे पत्र लिहीत नाहीये, याची कृपया नोंद घ्यावी. बाकी त्रेचाळिसाव्या हरकतीपुढे 'प्रलंबित' असा शेरा पडला आहे आणि ती निकाली काढणं नगरपालिकेच्या हातात नाही.

ता. क. २. येताना पिवळा साबण आण, खाज न येणारा. आमच्याकडचा संपलाय.

ता. क. ३. एक अडचण सांगायची राहिली. निकालपत्रात शब्द असे आहेत: 'हरकत क्रमांक त्रेचाळीस निकाली निघेपर्यंत बाक जागेवरून हलवू नये.' म्हणजे तू आलीस की बाक गेला! मी घाबरून अधिकाऱ्यांना जाऊन विचारलं, की मुलगी आली, चार दिवस राहिली आणि परत गेली, आणि म्हातारा पुन्हा बस बघत बसला, तर ती हरकत नवी धरायची की जुनी? त्यांनी नियमांचं पुस्तक उघडलं, तसंच मिटलं आणि म्हणाले, जुनीच. चालू राहील. तेव्हा तू ये, पण एकदाच येऊन भागवू नकोस.