टिपाडाची चीर

बाबा, तुमच्या बोटांची मला किळस यायची, सरळ तिथूनच सुरुवात करते. नखांच्या कडांना वाळलेल्या डिंकाचे पिवळे पापुद्रे, अंगठ्यावर चपलांच्या सोल्युशनची काळी पुटं, आणि त्याच हातानं तुम्ही भाकरी मोडायचात. दुष्काळ, पाणी नाही, म्हणून हात नुसते पायजम्याला पुसलेले. मी ताट उचलून तुमच्याकडे पाठ करून बसायचे आणि आई डोळ्यांनीच दटावायची. लातूर नुकता जिल्हा झाला होता. तुम्ही कचेरीत शिपाई. जुन्या जिल्ह्याच्या नावावर नव्या नावाचे कागद डकवायचं काम तुमच्याकडे आलं आणि तो नाद घरापर्यंत आला. कागदाला खळ, चपलेला सोल्युशन, लोखंडाला आणि चिनी मातीला दोन नळ्यांचा डिंक. त्या नळ्यांना तुम्ही नवरा-बायको म्हणायचात. "दोघं सारखेच घ्यायचे. एक जरी जास्ती झाला, का संसार वलाच राहतो," असं म्हणत जुन्या पोस्टकार्डावर काडीनं घोटत बसायचात. त्या वासानं माझं डोकं उठायचं.

त्या उन्हाळ्यात टँकर चार दिवसांनी येतो, आणि आपलं वापरायचं सगळं पाणी एका लोखंडी टिपाडात. ते बुडाशी चिरतं. टँकर उद्या येणार असतो. तुम्ही पॉलिश पेपरनं गंज घासून काढता, चिमूटभर सोडा आणि तांब्याभर पाणी माझ्या हातात देता. आई ते पाणी जाताना बघत राहते. "चीर धू, पूस, उन्हात कोरडी होऊ दे. धुतल्याबिगर कायबी धरत न्हाई बघ," एवढं सांगून तुम्ही नळ्या आणायला चौकात जाता. मी तीन दिवस तोंड धुतलेलं नव्हतं. मानेवर घामाचा चिकट थर, केसांना कुबट वास. माझीच मला शिसारी आली होती. तांब्या घेऊन मी घरामागं गेले आणि तोंड, मान, काखा धुऊन मोकळी झाले. मग स्टोव्हजवळच्या फडक्यानं चीर पुसली. फडक्याला रॉकेल होतं. चीर मात्र चकचकीत दिसली. तुम्ही आलात, बोट फिरवून बघितलंत आणि म्हणालात, "झकास केलंस गं बाई." मग नवरा-बायको घोटून चिरेवर जाड लेप दिलात.

दुसऱ्या दिवशी टिपाड काठोकाठ भरलं आणि दुपारच्या आत तो लेप खपलीसारखा सबंध निघाला. चार दिवसांचं पाणी भिंतीखालून गल्लीत गेलं. शेजारीण दारात येऊन म्हणाली, "तळं झालंय की वो तुमच्या दारात." आई उंबऱ्यावर बसून रडत होती. तुम्ही तो लेप हातात घेऊन उलटासुलटा करत होतात. "नवरा-बायकोत माझंच माप चुकलं," तुम्ही म्हणालात. आई म्हणाली, "नुसती इल्लत हाय हाताला. आता कशाला हात लावू नगा." मी तिथंच उभी होते, स्वच्छ तोंडानं.

त्यानंतर तुम्ही घरात काही चिकटवलं नाहीत. नळ्या कुणाला तरी देऊन टाकल्यात. हळूहळू बोटं साफ झाली आणि मी तुमच्या शेजारी बसून जेवायला लागले. तुम्हाला त्याचं बरं वाटलं होतं, तेही मला दिसत होतं.

आता मी नांदेडला असते. तुम्ही गेल्यापासून आई माझ्याकडेच आहे. सकाळी कपाचा कान तुटला, तर मी दुकानातून एका थेंबात चिकटणारं काहीतरी आणलं. बोटं एकमेकांना चिकटली, आणि गरम चहा ओतताच कान हातात आला. आई खळखळून हसली. "बापाचीच पोर. त्यांच्याबी हाताला गुण नव्हता," असं ती आल्यागेल्याला सांगते, तसं आज माझ्या सुनेलाही सांगितलं. सून हसली. मीही हसले, नेहमीसारखी.

तुमचं माप बरोबर होतं बाबा. चीर मी धुतली नव्हती. हे आईला वाचून दाखवायचं, असं ठरवून लिहायला बसले होते. ती आतल्या खोलीत जागीच आहे, दोनदा विचारून झालं, काय लिवायलीस म्हणून. मी सांगितलं, वाणसामानाची यादी.