पोरींची बॅच आणि माझं मार्गदर्शन

१२ जून
आज अकॅडमीत क्रांती. मुकुटबनची सुरभी आणि तिच्या चार मैत्रिणी आल्या. मिलिटरी पोलिसात जायचंय म्हणे. वणीत सैन्यभरतीची तयारी माझ्यासारखी कोणीच करून घेत नाही, हे खेड्यापाड्यापर्यंत पोचलंय तर! मी त्यांना प्रेमाने समजावलं, की फौज म्हणजे चेष्टा नव्हे, बँकेची परीक्षा द्या. सुरभीची आई तुळसाबाई म्हणाली, "साहेब, तिले धावाले शिकवा. बँकेचं आमी पाहून घेऊ."
घेतलं. मी आधुनिक विचारांचा आहे. (शिवाय गेल्या महिन्यात बरीच पोरं सोडून गेली, पण त्याचा इथे संबंध नाही.)

१४ जून
नियम केला. मुलं मैदानाच्या आतल्या बाजूने धावतील, मुली बाहेरून. पोरांचं लक्ष विचलित व्हायला नको. बाहेरचा फेरा मोठा पडतो अशी सुरभीची तक्रार. मी म्हटलं, बेटा, ही तुमच्या सुरक्षिततेची बाब आहे. बाहेरून धावायला लागली. पटलं असावं.

२० जून
मुलींसाठी संडास हवा म्हणतात. सीमेवर कुठे असतो संडास, मी विचारलं. पोरं कडुनिंबामागे जातातच की. आमच्या सौ. शीलाने मध्येच तोंड घातलं, "पोरींनो, आपल्या घरी या. आणि तुम्ही हो, सीमा कधी पाह्यली? सतरंज्या मोजत नोकरी गेली तुमची." स्टोअर हा सैन्याचा कणा असतो, हे बायकांना कळत नाही.
आता मुली रोज आमच्या घरी. चहा पितात, हसतात. कशाला हसतात ते विचारायचं आहे.

५ जुलै
चाचणी. बंटी आमचा हुकमी घोडा. सुरभी बाहेरून धावून त्याच्या पुढे. स्टॉपवॉच बिघडलंय. नवीन घ्यावं लागेल.
संध्याकाळी बंटीने विचारलं, "सर, मीबी बाहेरून धावू का?" त्याला झापलं.

१५ ऑगस्ट
ऐतिहासिक दिवस. प्रमुख पाहुणे मेजर किन्हेकर, माझ्याच ओळखीने. 'बहिणींचं रक्षण, वीरांचं कर्तव्य' हे भाषण तोंडपाठ. गाडीतून भारदस्त मिशांचे गृहस्थ उतरले. मी कडक सॅल्यूट ठोकला, हार घातला, छाती काढून नाव सांगितलं. ते म्हणाले, "मी दातांचा डॉक्टर. मेजर आमच्या सौ., त्या तिकडे."
तिकडे एक बाई पोरींशी बोलत उभ्या होत्या. हार परत मागणं बरं दिसलं नसतं.
मेजर मॅडमनी पोरींना विचारलं, काही अडचण? मी डोळ्यांनी खुणावलं. सुरभीला खुणा कळत नाहीत. "मॅडम, आमाले बाहेरून धाववतात. आन् संडास नाही." मॅडम माझ्याकडे वळल्या, "का हो, हवालदारसाहेब?"
मी म्हटलं, "उन्हामुळे."
सकाळी पाऊस पडत होता.
भाषण पुढच्या वर्षी करेन.

१६ ऑगस्ट
पूर्ण विचारांती, स्वतःच्या पुढाकाराने मुलींना आतून धावण्याची परवानगी दिली.

९ मार्च
सुरभी निवडली गेली! बंटी राहिला. ही माझ्या शिस्तीची फळं. (सुरभी. बंटी नव्हे.) शीला पेढे वाटता वाटता रडली. मीही डोळे पुसले. धूळ फार झालीय गावात.

२ मे
सुरभी ट्रेनिंगला निघाली. एसटी स्टँडवर हार आणि फोटोग्राफर घेऊन गेलो. बजावलं, सीनियरला उलट प्रश्न विचारायचे नसतात. ती म्हणाली, "सर, म्हणूनच इतके दिवस तुमाले कोनी काई विचारलं नसंल." मग शीलाच्या गळ्यात पडली. दोघी बराच वेळ सुटेनात. मी हार धरून उभा.

३ मे
पेपरात फोटो. खाली छापलंय: 'सुरभी, आई तुळसाबाई व मार्गदर्शिका शीलाताई.' कडेला एक कोपर दिसतं. ते माझं आहे. संपादकांना कळवणार होतो, पण सकाळपासून फोन थांबत नाही. मारेगाव, झरी, पांढरकवडा, सगळीकडच्या पोरी. "शीलाताई हायेत का?"
मी "देतो" म्हणतो.