हर्षाची चौकशी

पिंपळखेड, ता. मोर्शी
९ जानेवारी २०२४

चि. रश्मीले,

आजीचा जयभीम अन् ओंजळभर आशीर्वाद. वि. वि. हे दोन अक्षरं काहून लिहाचे ते मले आजून समजलं नाई, पण साक्षरता वर्गातल्या बाईनं शिकवलं म्हून लिहिते. फोन असून पत्र काहून म्हणशील, तर फोनवर तू हं हं करतं अन् ठेऊन देतं. पत्र पुरं वाचा लागते.

इकडे सारे खुशाल. तुह्या बापानं, देवरावनं, संत्र्याच्या झाडाईचं पाणी तोडलं, आंबिया बहाराचा ताण देऊन राहिला. पानं मलूल पाहून मले कसंतरी होते. फुलं पाहिजे तर तहान लागू द्या लागते म्हणते तो. ते जाऊ दे.

मागच्या बारीले तू अंगणात बसून तुह्या कॉलेजातलं सांगितलं होतं ना, का कोणतंबी काम कराच्या आधी पाहावं, हेच साऱ्या दुनियेनं केलं तर चालंल काय? मले ते लय आवडलं. तवापासून मी तेच करून राहिली. शेजारच्या लीलाबाईनं इचारलं का पापड कसे झाले. पापडाबद्दल सारी दुनिया खोटं बोलली तर कोणाचेच पापड सुधरणार नाई, म्हून मी खारे हाये म्हटलं. ती चार दिवस बोलली नाई, पण पुढचे पापड चांगले झाले. माह्या नातीचं तत्त्वज्ञान घरच्या कामाचं हाये असं मी विहारात साऱ्याईले सांगितलं.

आता खरं काम. लीलाबाईच्या हर्षाले अंजनगाव सुर्जीचं ठिकाण आलं. पोट्टा धम्मदीप, नांदगाव पेठेत कापडाच्या कंपनीत हाये. पाहणं झालं, दोघाईनं एकमेकाले पसंत केलं, फोन नंबर बी दिले. हर्षा आजकाल भांडे घासता घासता हासते. एकवीस तारखेच्या रविवारी त्याईचे मोठे माणसं चौकशीले येतीन अन् शेजार म्हून आधी माह्याच घरी बसतीन. आपल्या गल्लीची रीत तुले माहीत हाये. कोणी इचारलं का पोट्टी सोनं हाये म्हणाचं अन् चहा पाजाचा. सोन्याबिगर दुसरी पोट्टी आपल्या गल्लीतून गेलीच नाई. त्यातल्या काही कशा हाये ते तुले बी ठाऊक.

पण हर्षाले दहावीत फिट येत जात. अकोल्याच्या डॉक्टरची गोळी चालू हाये. इतका दूरचा डॉक्टर मुद्दाम केला, का इकडच्या कोणाले दिसू नये. कितीक वर्षांत काही झालं नाई, पण गोळी रोज हाये. पाव्हण्याईनं बिमारीचं इचारलं तर मी काय सांगू? खरं सांगितलं तर लग्न मोडंल. नाई सांगितलं तर विहारात पंचशील घेते, खोटं बोलणार नाई म्हणते, ते कोणाले म्हणते? तुह्या पुस्तकात पाहून लवकर कळवजो.

माया पातळ होऊ देऊ नको.
तुही आजी,
पंचफुला


अमरावती
१३ जानेवारी २०२४

ती. आजीस,

रश्मीचा सप्रेम जयभीम. वि. वि. म्हणजे विनंती विशेष. तू अगदी बरोबर जागी लिहिलंस.

तुझं पत्र मी जुईलीला, म्हणजे माझ्या खोलीतल्या मैत्रिणीला, वाचून दाखवलं. पापडापर्यंत आम्ही हसत होतो, पुढचं मात्र दोनदा वाचलं.

आमच्याकडे याची दोन उत्तरं आहेत. एक उत्तर म्हणतं, परिणाम बघा. आजार आटोक्यात आहे, मुलगी सुखी होईल, नुकसान कुणाचंच नाही, तेव्हा सोनं म्हणून मोकळं व्हा. दुसरं म्हणतं, जो विचारायला येतो तो विश्वास घेऊन येतो. सगळेच शेजारी सोनं म्हणू लागले तर चौकशीला अर्थच उरत नाही. शिवाय तो मुलगा तुझ्या एका शब्दावर आयुष्याचा निर्णय घेणार. त्याच्यापासून लपवणं म्हणजे त्याला न विचारता त्याचा निर्णय आपणच घेणं.

मला दुसरं पटतं. आपणहून काही काढू नकोस, पण विचारलं तर खरं सांग. याच विषयावर माझा पेपर आहे, त्यामुळे मी नीट विचार केलाय. तू काळजी करू नकोस.

बाबांना म्हणावं, झाडांच्या काळजीत स्वतःचं जेवण विसरू नका. लोभ आहेच, तो माझ्या अक्षराला हसण्यात संपवू नकोस.

तुझी,
रश्मी


पिंपळखेड
२३ जानेवारी २०२४

चि. रश्मीले,

जयभीम अन् आशीर्वाद. विनंती विशेष. आता अर्थ समजला तं पुरंच लिहिते.

पाव्हणे आले. पोट्ट्याचा बाप केशवराव, मामा पंजाबराव, अन् गाडी चालवाले पोट्टा स्वतः. तो गाडीपाशी थांबला, दोघं माह्या घरी बसले. पंजाबराव बोलाले मोठा गोड माणूस. आमच्या विहिरीच्या पाण्याची तारीफ केली, तुह्या बापाच्या संत्र्याची केली, मंग हळूच हर्षावर आला. सैपाक येते काय, राग येते काय, देवाधर्माचं काही करते काय. साऱ्याचं मी चांगलंच सांगितलं, अन् ते खरंच चांगलं हाये. मंग त्यानं बिमारीचं इचारलं.

मी सांगितलं. फिटचं सांगितलं, मंग गोळीचं, मंग कितीक वर्षांत काही झालं नाई ते, मंग पोट्टी कशी लाखात एक हाये ते. पण पहिल्या शब्दाच्या पुढं त्याईनं काही ऐकलंच नाई. चहा तसाच ठेवला. उठून लीलाबाईच्या घरी गेले. केशवराव म्हणे आमाले फसवलं, बिमार पोट्टी गळ्यात बांधत होते. आवाज माह्या वट्ट्यावर येत होता. लीलाबाई हात जोडून राहिली होती. पोट्टा गाडीपासून त्याईच्या अंगणात आला होता, खाली पाहून चपलेचा अंगठा नीट करत होता. शिरा, भजे, वरण-पोळी सारं तसंच राहिलं, माणसं गेले.

हर्षानं भिंतीवरून माह्याकडे पाहिलं. मंग आत गेली. लीलाबाई मात्र साऱ्या गल्लीत सांगून आली का पंचफुला म्हातारपणी शिकली अन् आमचं घर बुडवलं. विहारात माह्या बाजूची जागा रिकामी राहते आता.

खरं बोललं का मन हलकं होते असं मी समजत होती. तसं काही झालं नाई. तुह्या पेपरात मार्क मिळतीन तर मिळो.

लोभ ठेवजो, मले सध्या त्याची गरज हाये.
आजी


अमरावती
२९ जानेवारी २०२४

ती. आजीस,

सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्र वाचून मला जेवण गेलं नाही. सगळे माझ्यावर चिडायला हवेत, तुझ्यावर नाही. मी लिहिलं म्हणून तू बोललीस.

जुईलीनं एकच गोष्ट विचारली. म्हणाली, तुम्ही दोघींनी मुलाचा विचार केला, पाहुण्यांचा केला, पंचशीलाचा केला, त्या हर्षाला कुणी विचारलं का? मी माझं पत्र आठवून पाहिलं. मुलापासून लपवणं म्हणजे त्याचा निर्णय आपण घेणं, असं मी लिहिलं होतं. हर्षाच्या बाबतीत आपण तेच केलं आणि ते माझ्या ध्यानातही आलं नाही. भिंतीपलीकडे राहणारी मुलगी, दोन पावलं जाऊन विचारता आलं असतं.

पेपर चांगला गेला. त्याचं काही वाटत नाही.

हर्षा कशी आहे ते आधी कळव, बाकी मग. माझ्यावर रागावलीस तरी चालेल, पण अबोला धरू नकोस.

तुझी,
रश्मी


पिंपळखेड
१४ फेब्रुवारी २०२४

चि. रश्मीले,

जयभीम, आशीर्वाद, विनंती विशेष. तुह्यावर काहून रागावू? तू लिहिलं, पण तोंड माह्यं होतं. झाडाईले पाणी सोडलं, तुहा बाप खुश हाये. आता हर्षाचं ऐक.

तुह्या पत्रावर मी तिच्या घरी गेली. लीलाबाईनं बस बी म्हटलं नाई, मीच बसली. हर्षाले म्हटलं, तुले आधी इचारलं नाई, चुकलं. ती मटर सोलत होती. सोलतच म्हणाली, "आजी, तू खोटं नाई बोलली. पण गोष्ट माही होती, ती मले सांगू द्याची होती."

मंग तिनं सांगितलं ते ऐकून मी गारच झाली. तिनं धम्मदीपले फोनवर पहिल्याच आठवड्यात सारं सांगितलं होतं. गोळीचं नाव बी. तो म्हणे काही फरक पडत नाई, घरच्याईले मी सांगतो, तू बोलू नको. म्हून ती गप्प होती. म्हणजे बाप आमाले फसवलं म्हणून ओरडत होता तवा त्या अंगणात चपलेकडे पाहणाऱ्याले सारं ठाऊक होतं.

मी घरी आली अन् दुसऱ्याच दिवशी लीलाबाई माह्याकडे धावत आली, इतक्या दिवसांनी. धम्मदीपचा फोन आला होता. बाप नरम पडला म्हणे. हर्षानं एकच कराचं. घरी येऊन म्हणाचं का मी धम्मदीपपासून लपवलं, माफ करा. मंग लग्न पक्कं. लीलाबाई मले म्हणे, तूच मोडलं, आता तूच तिले समजाव, एका वाक्यानं काय होते.

खरं सांगू रश्मी, मले बी वाटलं का म्हणून टाकाव तिनं. लग्नाचं वय, पसंतीचा पोट्टा, एक वाक्य. माह्या तोंडाशी आलं होतं. हर्षा मायीच्या मागंच आली होती, माह्याकडे पाहत होती, का आता ही म्हातारी दुनियेचं काय सांगते. मी पाण्याचा गिलास तोंडाले लावला अन् भिंतीकडे पाहत बसली.

हर्षानं तिथंच धम्मदीपले फोन लावला, फोनचा आवाज मोठा करून, मायीसमोर. म्हणे, मी तुमाले सांगितलं होतं हे तुमी घरी सांगा, मंग मी येते, अन् बिमारीपायी घरच्याईले नाई म्हणाचं असंल तर त्याईनं खुशाल म्हणाव. तो म्हणे बाबासमोर माही इज्जत जाईन. ती म्हणे बरं, अन् ठेवला. त्याचा फोन परत आला नाई. ठिकाण मोडलं.

लीलाबाई लय रडली. हर्षा बी रडली, पण मागच्या खोलीत. गल्लीतल्या बाया आता म्हणतात का पंचफुलाबाईच्या खऱ्या बोलण्यानं पोट्ट्याचे गुण तरी समजले. मी बी हर्षाले तसंच म्हणाले गेली, का पाह्य बाई, शेवट चांगलाच झाला. ती म्हणे ते तू केलं नाई आजी, तुले कुठं माहीत होतं. बरोबर हाये.

काल तिले सरळ इचारलं, माह्यावर राग हाये काय. हाये म्हणे. किती दिवस राहील म्हटलं. पाहू म्हणे, अन् माह्या पुढ्यातल्या तुरीच्या शेंगा आपल्याकडे ओढून सोलत बसली. संध्याकाळपर्यंत बसली होती. मी बी आपणहून काही काढलं नाई.

सुटीत येशील तवा आधी तिच्या घरी जाजो, मंग माह्या. माह्या वाट्याची माया तवरोक जपून ठेवजो.

तुही आजी,
पंचफुला