कोटाची घडी

मंगळवार, ११ फेब्रुवारी

ती. दादा,

नमस्कार. मी ठीक आहे. खोकला गेला, घरमालकिणीने अखेर नळ दुरुस्त केला. तुम्हीही सगळे बरे असाल. पत्र मुद्दाम तुझ्या वर्कशॉपच्या पत्त्यावर पाठवते आहे. फोन केला की वहिनी तो स्पीकरवर टाकते आणि आई शब्दन् शब्द ऐकते. वाचून झालं की तिथेच फाडून टाक.

रविवारी वहिनीकडून कळलं की तू आमचा गेम आणलास. नावांच्या यादीत 'आवाज' या शब्दाखाली माझं नाव दिसलं म्हणून शेजाऱ्यांना बोलावून दाखवलंस म्हणे. नऊ वर्षं तू जंगलाच्या नुसत्या चित्राकडेसुद्धा बघत नव्हतास, कॅलेंडरचं पान उलटायला लावायचास. आणि आता कामावरून आलास की टीव्हीपुढे बसून खोटी लाकडं फोडतोस. 'अठरा दिवस झाले, अजून मेलो नाही' असं गिऱ्हाइकांनाही सांगतोस. खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. मी फोन ठेवला आणि समोरचं ताट तसंच झाकून ठेवलं.

तिथे नक्की काय करतेस, असं तू दर वेळी विचारतोस आणि मी 'आवाज देते' म्हणून सुटका करून घेते. आता ऐक. जंगलात एकटा सापडलेला माणूस जगवायचा, एवढाच तो खेळ. लाकडावर लाकूड घासून आग, सालीची दोरी, सशाला फासा. त्यात तुला जे ऐकू येतं त्यातलं काहीही जंगलात झालेलं नाही. बर्फावरची पावलं म्हणजे मक्याच्या पिठाने भरलेली चामडी पिशवी, ती मी दोन्ही हातांनी दाबते. हाड मोडतं तेव्हा मी कच्चं गाजर मोडते. आणि तू ससा सोलतोस तेव्हा तळघरातल्या बिनखिडकीच्या खोलीत मी ओला हातमोजा पिचलेल्या टोमॅटोंतून ओढत असते. तीन आठवडे मी फक्त ससा केला. आमचा मुख्य दर वेळी ऐकून म्हणायचा, 'छान आहे, पण अजून ओलं हवं.' आम्ही त्याला पाठीमागे ओलेश्वर म्हणतो. टोमॅटो सडले, खोली सडली, माझ्या नखांतला वास साबणाला दाद देईना. मग एका खेळणाऱ्याने लिहून कळवलं की सोलायचा आवाज इतका सुंदर आहे, मी भूक नसतानाही ससे मारतो. ऑफिसात ते मोठ्याने वाचून दाखवलं. मला शिसारी आली, आणि सगळ्यांबरोबर मीही हसले.

आणि हे जंगल बनवणारे कोण, तर सगळे उंटावरून शेळ्या हाकणारे. हीटर लावलेल्या खोलीत बसून शेकोटीला किती काटक्या लागतात यावर तीन तास भांडतात. एकाच्याही हातात कधी भिजलेली काडेपेटी आलेली नाही. एकाने टेबलावर शिकारीचा सुरा ठेवलाय, त्याने तो पार्सलच्या चिकटपट्ट्या कापतो. मला त्यांची किळस येते. निदान पूर्वी फक्त त्यांची यायची.

तुझ्या लक्षात आलंच असेल, मी मघापासून वळसे घालते आहे.

दोन वर्षांपूर्वी एक मीटिंग झाली. माणूस थंडीने मरतो तो कसा मरतो, हा विषय. पडद्याच्या कोपऱ्यात तो उबेचा पट्टा असतो ना, तो पूर्ण रिकामा झाला की काय दाखवायचं. एक म्हणाला, अंगाचं मुटकुळं करून पडेल. दुसरा म्हणाला, थरथरेल आणि कोसळेल. मी टोकाच्या खुर्चीवर होते. मी म्हणाले, 'नाही, शेवटी त्याला उकडायला लागतं. तो कोट काढतो.' सगळे माझ्याकडे वळले. तिथे लागल्यापासून मला 'अजून ओलं' यापलीकडे कोणी काही विचारलं नव्हतं. आणि मी बोलत गेले. तो कोटाची घडी घालतो, बाह्या आत, कॉलर वर. मग बूट काढून एकाशेजारी एक ठेवतो. मोजे गुंडाळून बुटांत. चष्मा डाव्या बुटात.

दादा, हे तू मला एकदाच सांगितलं होतंस. स्वयंपाकघरात, आईला ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडून. नऊ वर्षांपूर्वी बाबा जंगलातल्या बर्फात हरवले, तेव्हा शोधायला गेलेल्यांत त्यांच्यापर्यंत तू पहिला पोचलास आणि बाकीचे यायच्या आत ती घडी उलगडून कोट त्यांच्या अंगावर घातलास. बूट शेजारी होते ते कुठेतरी भिरकावलेस. आईला म्हणालास, 'अंगात कोट होता, झोपेतच गेले.' मला म्हणालास, 'हे आता आपल्या दोघांत.' मी मान हलवली होती.

त्या मीटिंगमध्ये सगळ्यांनी ते लिहून घेतलं. मग ओलेश्वर म्हणाला, 'हेच. हेच हवं होतं.' कोणीतरी टाळ्या वाजवल्या. आणि मला बरं वाटलं. जनाची नाही तर मनाची तरी वाटायला हवी होती, ती त्या दिवशी वाटली नाही. आता हे लिहिताना मधे दोनदा उठून हात धुऊन आले.

तेवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ मी स्वतःला काहीतरी समजावलं असतं. त्याचा आवाजही मीच केला. बटणं, कोटाचं जड कापड, पिठावर टेकवलेले बूट. बोलण्यासाठी एक नट आला होता, त्याला मी सांगितलं की बूट ठेवून झाले की तो म्हणेल, 'हं, झालं.' बाबा कुठलंही काम संपवून म्हणायचे तसं. त्याला जमेना. मी म्हणून दाखवलं, पुन्हा पुन्हा, त्याच्या तोंडात बाबा येईपर्यंत. तिथे बर्फात ते तसं म्हणाले की नाही, कोणाला ठाऊक? तेवढं मी माझ्या पदरचं घातलं.

काल ओलेश्वरकडे जाऊन म्हटलं, ते काढून टाका. तो म्हणाला, 'लोक तिथे रडतात, तीच तर आपली ओळख आहे. का काढायचं?'  मी तोंड मिटून ठेवायचं तेव्हा उघडलं आणि उघडायचं तेव्हा मिटलं.

तू हे एकटा असताना बघितलं असतंस तर मी तुझ्या शिव्या खाल्ल्या असत्या. पण वहिनी रविवारी हसत हसत म्हणाली, 'अहो, आईसुद्धा खुर्ची ओढून शेजारी बसतात. लाकडं संपत आली की ह्यांना ओरडतात, अरे, त्याला गारठू देऊ नकोस.' आईने चौतीस वर्षं रोज संध्याकाळी दाराशी बाबांनी काढून ठेवलेले ते बूट बघितले, दादा. मोजे आत, चष्मा डाव्या बुटात. तिला कोणी काही समजावून सांगायची गरज पडणार नाही.

गेम बंद कर. मशीन बिघडलं म्हण. पण तुला खोटं बोलता येत नाही, आयुष्यात एकच धड बोललास आणि ते मी उघड्यावर टाकलं. आई रोज विचारेल, त्या माणसाचं काय झालं म्हणून, आणि तू पुन्हा लावशील. तेव्हा एवढंच सांगते. लाकडं संपली आणि तो पट्टा उतरायला लागला, तर वाट बघू नकोस. नदीपलीकडच्या गुहेत अस्वल आहे. सरळ त्याच्या अंगावर जा. दोन फटक्यांत संपतं आणि कोट अंगावरच राहतो. त्यातला आवाजही माझाच आहे, पण तो नुसता ओला आहे, त्यात आपलं कोणी नाही.

आईला नमस्कार सांग, पत्र आलं असं मात्र सांगू नकोस.

तुझ्यासमोर मान हलवलेली,
धाकटी