जिन्यावरची खडूची खूण

सोमवार, ९ ऑक्टोबर १९६१

ट्रंक एक, शिवणयंत्र एक, आईचं बायबल, पीचच्या मुरंब्याच्या सहा बरण्या (एक फुटली). कॅन्ससहून लॉस एंजेलिसपर्यंत सामानाचं भाडं अकरा डॉलर चाळीस सेंट. स्टेशनपासून टेकडीवर टॅक्सी दोन डॉलर. बसने आले असते, पण यंत्र उचलवेना. एकंदरीत सुखरूप पोचले, देवाची कृपा.

बाई स्वतः दाराशी आल्या. रोवेना क्रेल. एकेकाळच्या नटी, पण मोठ्या चित्रांतल्या नव्हेत. मुख्य चित्राच्या आधी एक छोटं चित्र दाखवायचे ना, सहा दिवसांत उरकलेलं, त्यातल्या. धुकं, पिस्तूल, ओला रस्ता आणि शेवटी मरणारी बाई. नवरा वॉल्टर होता तेव्हा आम्ही दोघांनी विचिटा शहरात अशी दोन पाहिली होती.

नोकरीच्या जाहिरातीत उंची विचारली होती, तेव्हाच मला नवल वाटलं होतं. शिफारसपत्रं बाईंनी उघडलीसुद्धा नाहीत. माझ्याशेजारी पाठीला पाठ लावून उभ्या राहिल्या, डोक्यावर तळहात सरकवला आणि म्हणाल्या, अगदी बरोबर, राहा तू. मला हसू आलं. सैपाकाला आलेय की पडदे टांगायला?

खोली दक्षिणेची, ऊन भरपूर. बिछाना घालून ठेवलेला होता. वॉल्टर गेल्यापासून माझ्यासाठी कुणी बिछाना घातला नव्हता. रात्री प्रार्थनेत बाईंचं नाव घेतलं.

गुरुवार, १२ ऑक्टोबर

वाणी घरपोच माल आणतो. हागोप नावाचा आर्मेनियन, तोंडाचा फटकळ. म्हणाला, ताई, तुमच्या बाई चौदा चित्रांत मेल्या. आमच्या अख्ख्या गल्लीत मिळून एवढी मयतं झाली नाहीत, आणि तब्येत बघा, एकसष्टाव्या वर्षी सफरचंद! मी खरबुजाचा भाव पाडला, तर म्हणाला, कॅन्ससवाल्यांना फुकट दिलं तरी ते विचारतील, पिशवी कुठाय?

दुपारी बाईंचे जुने वेश उसवले होते ते शिवायला बसले. गंमत म्हणजे प्रत्येक वेश दोन-दोन. एक रेशमी, एक तसाच पण स्वस्त सुती कापडाचा. बाईंनी समजावलं. चित्रीकरणात दिवे लावायला तासभर जातो. तेवढा वेळ नटीने घाम का गाळावा? म्हणून तिच्या उंचीची दुसरी बाई त्या जागी उभी करतात. जमिनीवर खडूची खूण, तिच्यावर पाय. दिवेवाले तिला नटीच्याच नावाने हाक मारतात, आणि तिने ओ द्यायची. नटी येऊन खांद्याला हात लावते, तेव्हा ती बाजूला होते. कॅमेऱ्यात ती कधी येत नाही.

बाईंचं शेवटचं चित्र अर्धंच राहिलं. कंपनी बुडाली, जिन्यावरचा मरणाचा प्रसंग घ्यायचा राहून गेला. तो घ्यायला माणूस यायचा आहे म्हणे. तोवर दिवा नीट लावून बघायचा, रोज दुपारी चारला. मी जिन्याच्या माथ्यावर खुणेवर उभी राहिले. बाई दिव्यामागून म्हणाल्या, क्रेल, हनुवटी वर. मी ओ दिली. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. इतका वेळ माझ्याकडे कुणी पाहिलं नव्हतं.

खालची पायरी एकदा करकरली. लाकूड जुनं आहे.

रविवार, १५ ऑक्टोबर

टेकडीखालच्या चर्चला गेले. पाहुण्यांच्या वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलं, ओपल हार्डिन, कॅन्सस. पाद्री भला माणूस. पण बाकावर शेजारी कुणी बसलं नाही. नेटीला पत्र लिहावं असं वाटलं. सख्खी धाकटी बहीण, पण आईचं बायबल मी घेतलं म्हणून वर्षभर बोलत नाही. लिहिलं नाही. तिने आधी लिहावं.

मंगळवार, १७ ऑक्टोबर

ते लाकूड नव्हे. रोज चारला एकच पायरी वाजते, आणि रोज एक वरची. काल चौथी, आज पाचवी. रविवारी मी उभी नव्हते, तर आवाजही नव्हता. दिवा डोळ्यांवर असतो, खालचं काही दिसत नाही. बाई जिन्याकडे बघतच नाहीत, माझ्याकडे बघतात.

सुती वेशांच्या गळ्याआत नावाच्या पट्ट्या आहेत. डॉटी. मे. फर्न. तिन्ही नावं खोडून वर एकाच हाताने लिहिलंय, क्रेल.

जिन्याला तेरा पायऱ्या आहेत.

रविवार, २२ ऑक्टोबर

सकाळी माझा कोट खुंटीवर नाही. टोपी नाही. बायबल नाही. अकराला बाई परतल्या त्याच कोटात. म्हणाल्या, पाद्रीबुवांनी कॅन्ससची चौकशी केली, मी सांगितलं, यंदा गहू बरा आहे. आणि हसल्या, अगदी माझ्यासारखं, तोंडावर हात धरून.

बायबल मागितलं. म्हणाल्या, कुणाचं?

मंगळवार, २४ ऑक्टोबर

उभी राहणार नाही म्हणून सांगितलं. बाई चिडल्या नाहीत. चहा ओतला आणि सांगितलं, सरळ, भाव सांगावा तसं. एकोणपन्नास साली डॉक्टरने तीन महिने दिले होते. ती मुदत भरली त्या दिवशी खुणेवर डॉटी होती. चांगली धडधाकट पोर, तिथेच गेली. यायचं ते येतंच गं, बाई म्हणाल्या, पण त्याला चेहरा ओळखता येत नाही. खूण कळते, उजेड कळतो, आणि कोण ओ देतं ते कळतं. पुन्हा आजार आला तेव्हा मे होती. मग फर्न. गेल्या महिन्यात डॉक्टरने परत बोलावलं होतं.

चार वाजता सैपाकघरात दाराला कडी लावून बसले. फरशी मी सकाळीच पुसली होती. खाली पाहिलं — खुर्चीभोवती खडू. आणि जिना नसलेल्या त्या खोलीत पायरी वाजली. अकरावी.

बुधवार, २५ ऑक्टोबर

हागोपच्या दुकानापर्यंत धावत गेले. म्हणाला, वा, मिस रोवेना क्रेल, आज स्वतः! तुमची कॅन्ससवाली आत्ताच भांडून दोन सेंट सोडवून गेली. मी ओरडले, अरे मी ओपल, मीच भांडते तुझ्याशी. तो हसला, मग हसायचा थांबला. हळूच म्हणाला, बाई, नटीला सगळं शोभतं, चला, घरी सोडतो. गाडीच्या काचेत पाहिलं — पाहायला नको होतं.

बारावी.

गुरुवार, २६ ऑक्टोबर

परमेश्वर माझा मेंढपाळ — पुढचं आठवेना. लहानपणापासून पाठ असलेलं स्तोत्र —

नेटी, हे पान फाडून हागोपच्या टोपलीत टाकते. बायबल तुलाच द्यायला हवं होतं. पहिल्या पानावर आईच्या हातचं माझं नाव आहे, ते मीच धरून बसले. इथे मला त्या नावाने हाक मारणारं कुणी नाही. तू मार. त्याला कळेल, मी ती नव्हे —

दिवा लागला. मी लावला नाही. पायाखाली पांढरं —

बाईंनी हाक मारली. दात घट्ट मिटलेत. ओ देणार नाही.

उलट टपाली कळव, नेटी. फार नको लिहू. पाकिटावर नुसतं नाव, ठळक, पाटीवर काढायचो तसं. रुसू नकोस. मीच तुझी थोरली बहीण, मी रो—